मदतकार्याच्या संस्थेत नोकरी करायची असेल तर

ठाणे आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात सामाजिक संस्थांची दारे ठोठावणारे लोक निरनिराळ्या वाटांनी येतात. कोणी एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) पूर्ण करून पहिली नोकरी शोधत असतो, तर कोणी ऐरोली-महाप्याच्या कंपनीत दहा-बारा वर्षे काढून आता काहीतरी लोकांच्या उपयोगाचे करावे या विचाराने येतो. काही जण वस्तीतच वाढलेले असतात आणि संस्थेच्या अभ्यासिकेत शिकता शिकता तिथलेच कार्यकर्ते होतात. (या शेवटच्या लोकांवाचून एकाही संस्थेचे पान हलत नाही आणि पगारपत्रकात त्यांचीच नावे तळाशी असतात.) या सर्वांना सुरुवातीला एकच प्रश्न विचारला जातो : ‘इतके दुःख रोज पाहवेल का?’ माझ्या अनुभवात दुःख पाहवत नाही म्हणून नोकरी सोडणारे फार थोडे निघतात. बहुतेक जण संस्थेच्या कारभाराला, निधीच्या अनिश्चिततेला आणि कागदांच्या ढिगाऱ्याला कंटाळून जातात. त्यामुळे या क्षेत्रात येण्यापूर्वी मन घट्ट करण्याइतकीच कारभार समजून घेण्याची तयारी करावी लागते, आणि या लेखाचा भर त्याच तयारीवर आहे.

संस्था आधी पारखून घ्या

आपल्या भागात कामाचे प्रकार भरपूर आहेत. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नलवर राहणाऱ्या मुलांची सिग्नल शाळा चालते आणि मानसिक आरोग्यासाठी आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून काम करते. पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी उभे राहिलेले शांतिवन आहे, तर ताऱ्याला ग्रामीण विकासाचे काम करणारे युसुफ मेहेरअली सेंटर आहे. याखेरीज मुंब्रा, दिवा, दिघा, तुर्भे स्टोअर्स, येऊरचे पाडे अशा ठिकाणी काम करणाऱ्या लहान संस्था आहेत, ज्यांचे कार्यालय म्हणजे पोटमाळ्यावरची एक खोली असते. संस्था मोठी की लहान यावरून तेथील नोकरी कशी असेल याचा अंदाज येत नाही. मोठ्या संस्थेत पगार वेळेवर होतो, पण निर्णय दूरच्या मुख्यालयात होतात. लहान संस्थेत संस्थापक समोरच बसलेले असतात, आणि नेमकी तीच गोष्ट कधी वरदान तर कधी डोकेदुखी ठरते.

मुलाखतीला जाण्यापूर्वी संस्थेचे कायदेशीर रूप जाणून घ्यावे. महाराष्ट्रात ती बहुधा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील न्यास (ट्रस्ट) असते, किंवा १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालील संस्था असते, जिला आपल्या राज्यात न्यास म्हणूनही नोंद करावी लागते, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ खालची ना-नफा कंपनी असते. पहिल्या दोन प्रकारांवर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. विश्वस्त बदलले की त्याचा बदल अर्ज १९५० च्या कायद्याच्या कलम २२ नुसार नव्वद दिवसांत दाखल करायचा असतो. ही बाब रूक्ष वाटते, पण तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. विश्वस्तांमध्ये वाद असेल आणि बदल अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित असतील, तर धनादेशावर सही कोणाची चालणार हा प्रश्न एखाद्या महिन्याच्या अखेरीस उभा राहतो आणि त्याचा पहिला फटका कर्मचाऱ्यांच्या पगाराला बसतो.

त्यानंतर मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागावेत. ते दाखवण्यास संस्था कां-कूं करू लागली तर तेथेच विचार करावा. हिशेब वाचण्यासाठी सनदी लेखापाल असण्याची गरज नाही. एकूण उत्पन्नापैकी किती वाटा एकाच देणगीदाराकडून येतो आणि वर्षअखेर काही शिल्लक राहते की सर्व निधी खर्चून संस्था दर एप्रिलमध्ये नव्याने हात पसरते, एवढे पाहिले तरी पुरे होते. ज्या संस्थेचा बहुतांश पैसा एकाच कंपनीकडून येतो, त्या संस्थेतील आपली नोकरी ही प्रत्यक्षात त्या कंपनीच्या सीएसआर (म्हणजे नफ्यातून सामाजिक कामांवर करायचा खर्च) समितीच्या एका ठरावावर टांगलेली असते.

पैसा कुठून येतो, यावर मनस्ताप कसला होईल हे ठरते

सीएसआरचा नियम समजून घेतला की संस्थेचे वर्षभराचे वेळापत्रक समजते. कंपनी कायद्याचे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये यांपैकी कोणत्याही एका मर्यादेपर्यंत पोहोचतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. प्रकल्प बहुवार्षिक म्हणून मंजूर झालेला नसेल, तर त्या वर्षातील अखर्चित रक्कम आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत कायद्याने सांगितलेल्या सरकारी निधीत भरावी लागते. याचा परिणाम असा होतो की प्रस्ताव, बैठका, स्थळभेटी आणि करार यांत पावसाळा उलटून जातो, पैसे दिवाळीच्या आसपास खात्यात येतात आणि मार्चअखेर ते सर्व खर्च झालेले दाखवायचे असतात. वर्षभराचे काम पाच महिन्यांत कोंबले जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या संस्थेच्या कार्यालयात गेलात तर व्हाउचरवर सह्या गोळा करणारे, जीएसटीची बिले शोधणारे आणि निधी ठरल्या कामीच खर्च झाल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रासाठी लेखापालाच्या मागे लागलेले लोक दिसतील. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि आयटी कंपन्या आपल्या आसपासच्या वस्त्यांना प्राधान्य देतात, म्हणून नवी मुंबईत हा निधी तुलनेने सहज मिळतो. मात्र त्यांना इमारत, संगणक, पाण्याचे यंत्र अशा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी आवडतात आणि वस्तीत घरोघर फिरणाऱ्या ताईंचा पगार मंजूर करून घेताना घाम फुटतो.

परदेशी देणगीचे गणित वेगळे आहे. २०१० च्या परकीय योगदान कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली आणि असा निधी केवळ भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारण्याचे बंधन आले. पूर्वी मोठी संस्था परदेशातून निधी घेऊन दिव्यातील किंवा शहापूरच्या लहान संस्थेला वाटून देत असे; तो मार्ग बंद झाल्यामुळे वस्तीपातळीवरील कित्येक संस्थांची आर्थिक नाडी तुटली. या नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते. म्हणून परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थेत रुजू होताना नोंदणीची मुदत कधी संपते आणि नूतनीकरणाचा अर्ज गेला आहे का, हे अवश्य विचारावे. असे विचारणे उद्धटपणाचे नाही. ज्यांना हा प्रश्न आवडत नाही, त्यांच्याकडे बहुधा उत्तरही नसते.

लहान देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेत पैसा कमी असतो, पण मोकळीक अधिक असते. देणगीदाराला प्राप्तिकरात मिळणारी ८०जी ची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत ती नाही, आणि रोख दिलेल्या २,००० रुपयांवरील देणगीला ती मुळीच लागू होत नाही. बहुसंख्य नोकरदार नव्या प्रणालीकडे वळल्यामुळे मार्चमध्ये पावती मागायला येणारे देणगीदार घटले, ही तक्रार अनेक खजिनदारांच्या तोंडी असते. सरकारी अनुदानाबद्दल फार लिहीत नाही. ते उशिरा येते, एवढे ध्यानात ठेवून घरखर्चाचे नियोजन करावे.

नियुक्तिपत्र नीट वाचा

या क्षेत्रात पगाराबद्दल बोलणे अशोभनीय मानण्याची एक जुनी आणि घातक सवय आहे. ‘सेवाभाव हवा’ हे वाक्य मुलाखतीत तिसऱ्यांदा ऐकू आले की हातातील पेन खाली ठेवून नियुक्तिपत्राचा मसुदा मागावा. त्यात पगार लिहिला आहे की मानधन, आपण कर्मचारी आहोत की सल्लागार, याकडे बारकाईने पाहावे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो; तो टाळण्यासाठी रोज दहा ते सहा कार्यालयात बसणाऱ्या माणसाला सल्लागार दाखवून त्याच्या रकमेतून नुसता टीडीएस कापला जातो, असा प्रकार सर्रास चालतो. सल्लागार व्हायचेच असेल तर विमा, रजा आणि निवृत्तीची तरतूद स्वतःच्या खिशातून करावी लागेल, हे धरून रक्कम ठरवावी.

प्रवासखर्च ही दिसायला किरकोळ आणि वर्षाअखेर बोचणारी बाब आहे. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भ्याला उतरून पुढे शेअर रिक्षा, परतीला एनएमएमटीची बस, मध्येच एखाद्या बाईंना घेऊन कळव्याच्या रुग्णालयात फेरी, असा दिवस असेल तर रिक्षाची पावती कोणी देत नाही आणि लेखापाल पावतीवाचून पैसे देत नाही. स्वतः भरलेल्या व्हाउचरवर किती रकमेपर्यंत खर्च मान्य होतो, हे पहिल्या दिवशीच लेखी घ्यावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समिती बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली आहेत का, हे स्त्री उमेदवारांनीच नव्हे तर सर्वांनी पाहावे, कारण संस्था स्वतःच्या घरात कायदा पाळते का याची ती सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

कामाचे समाधान कोणत्या रूपात येते

लोकांची कल्पना अशी असते की मदत केली की समोरचा माणूस आभार मानतो आणि त्यातून समाधान मिळते. प्रत्यक्षात आभार क्वचित मिळतात आणि त्यांची अपेक्षा ठेवणारा कार्यकर्ता लवकर कडवट होतो. समाधान येते ते बहुधा एखादे अडलेले काम सुटल्याने, आणि ते काम बहुधा कागदाचे असते.

उदाहरण जातीच्या दाखल्याचे घेता येईल. नवी मुंबईतील दगडखाणींलगतच्या वस्तीत राहणाऱ्या एका वडार कुटुंबातील मुलगी दहावी उत्तीर्ण झाली आणि अकरावीच्या प्रवेशासाठी दाखला हवा होता. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा लागतो. अनुसूचित जमातींसाठी हीच तारीख ६ सप्टेंबर १९५० आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आहे. दाखला मिळतो तोही पूर्वजांचे त्या तारखेला जेथे वास्तव्य होते, तेथील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे. ज्या कुटुंबाचे आजोबा खाणीमागून खाणी बदलत हिंडले आणि शाळेची पायरी चढले नाहीत, त्याने साठ वर्षांपूर्वीचा कागद आणायचा कोठून? अशा वेळी गावाकडचा एखादा चुलत आजोबा दोन वर्षे का होईना शाळेत गेला होता का, याचा शोध घ्यावा लागतो. तेही जमले नाही तर तालुक्याच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या भाषेत कोतवाल बुक, उघडून जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळाव्या लागतात. मोडीत लिहिलेली नोंद सापडली तर ती वाचणारा माणूस लागतो. आडनावातील एका वेलांटीच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र लागते. मुलीची आई दर खेपेला विचारत असे, ‘ताई, अजून किती कागद?’ आणि या प्रश्नाला खरे उत्तर देणे हाच त्या काळातील कामाचा अवघड भाग होता, कारण खोटा धीर दिला की पुढच्या फेरीला माणूस रोजगार बुडवून येत नाही.

तो दाखला हाती आला तेव्हा मुलीच्या शुल्काचा आणि वसतिगृहाचा प्रश्न सुटला, शिवाय तिच्या पाठच्या भावंडांची वाटही मोकळी झाली, कारण वडिलांच्या बाजूच्या एका रक्तनातेवाइकाचा दाखला पुढच्यांसाठी पुरावा ठरतो. संस्थेच्या मासिक अहवालात मात्र या सगळ्याची नोंद ‘दस्तऐवज साहाय्य : १’ अशी झाली. त्याच महिन्यात दुसऱ्या कार्यकर्त्याने एका शाळेत वह्या वाटल्या आणि त्याच्या रकान्यात तीनशे आकडा आला. या क्षेत्रातील आनंद आणि वैताग एकाच कामाच्या पोटी जन्मतात, ते असे. यावर उपाय हाच की असे प्रत्येक प्रकरण स्वतःच्या वहीत तारीखवार लिहून ठेवावे : कोणत्या कार्यालयात गेलो, काय सांगितले गेले, कोणता कागद चालला आणि कोणता नाही. पुढील प्रस्तावात ‘एका दाखल्यामागे किती मनुष्यदिवस लागतात’ हे पुराव्यानिशी मांडता येते आणि समजूतदार देणगीदार असेल तर तो आकड्यांचा हट्ट सोडतो. नसेल तर निदान पुढच्या कार्यकर्त्याला वाट सापडते.

वस्तीत काम करताना

सर्वप्रथम आपण उभे आहोत ती जमीन कोणाची आहे, हे शिकावे. आपल्या भागात ही माहिती कोणत्याही पदवीपेक्षा उपयोगी पडते. दिघा ते बेलापूर हा नवी मुंबई महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, कळंबोली, कामोठे हे २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. त्यामुळे खारघरच्या कुटुंबाला ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात नेले तर दिवस वाया जातो. त्यांचा जिल्हा अलिबागला बसतो. त्यातही वस्ती एमआयडीसीच्या जागेवर आहे, सिडकोच्या, रेल्वेच्या की वनखात्याच्या, यावर नळजोडणी, शौचालय आणि पाडकामाची नोटीस कोणाकडून येणार हे ठरते. वस्तीतील बाई जेव्हा विचारते की आमच्याकडे पाणी का येत नाही, तेव्हा उत्तराची सुरुवात सातबारापासून किंवा भूखंडाच्या नकाशापासून होते.

वेळेचा हिशेबही तेथील लोकांच्या दिवसावर बांधावा. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चारच्या दरम्यान भेटतात, नाक्यावरचे मजूर सकाळी नाक्यावरच भेटतात, आणि जेथे पाण्याचा टँकर येतो तेथे त्या वेळी बैठक ठेवणारा कार्यकर्ता हास्यास्पद ठरतो. कार्यालयाची वेळ दहा ते सहा असेल आणि फिल्डची वेळ रात्री आठची असेल, तर भरपाई रजेचा नियम आधी ठरवून घ्यावा.

शिधा किंवा मदतसाहित्य वाटायचे असेल तेव्हा खरी कसोटी यादीची असते. यादी एखाद्या स्थानिक पुढाऱ्याच्या कार्यालयातून तयार होऊन आली की तीत त्यांची माणसे असतात आणि ज्यांना मदत हवी ती विधवा किंवा नुकतेच आलेले भाडेकरू कुटुंब बाहेर राहते. पुढाऱ्यांशी भांडणही परवडत नाही, कारण उद्या सभागृहाची किल्ली त्यांच्याकडेच मागायची असते. व्यवहारात टिकणारी पद्धत अशी : निकष आधी ठरवावेत, ते वस्तीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावेत, अंगणवाडी सेविका आणि आशा ताईंकडून घरे पडताळून घ्यावीत, यादी दोन दिवस भिंतीवर लावावी आणि हरकती लेखी घ्याव्यात. कार्यक्रमाला सर्व पक्षांच्या लोकांना बोलवावे किंवा कोणालाच बोलवू नये. फलकावर कोणत्याही पुढाऱ्याचे छायाचित्र नसावे. मानवता, निःपक्षपात, तटस्थता आणि स्वातंत्र्य ही जगभरातील मदतकार्याची चार तत्त्वे मानली जातात. मुंब्र्यात किंवा कोपरखैरण्यात ती पाळायची म्हणजे यादी भिंतीवर लावायची आणि फलक कोरा ठेवायचा.

छायाचित्रांचा प्रश्न याहून बोचरा आहे. देणगीदाराला जिओटॅग (ठिकाणाची डिजिटल नोंद) असलेले, मदत घेताना हात पुढे केलेल्या बाईचे छायाचित्र हवे असते. रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांनी १९९४ मध्ये आपत्ती निवारणासाठी जी आचारसंहिता मान्य केली, तिच्या दहाव्या कलमात संकटग्रस्तांना निराधार वस्तू म्हणून न दाखवता सन्माननीय माणूस म्हणून दाखवावे असे स्पष्ट म्हटले आहे. बालकांबाबत तर कायदाच आहे : काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा गुन्ह्यात पीडित ठरलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास बालन्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७४ मनाई करते. ही दोन्ही कलमे प्रकल्पाच्या करारपत्रातच टाकून घ्यावीत. वाटपाच्या दिवशी, कंपनीचे अधिकारी टी-शर्ट घालून आलेले असताना, वाद घालून काही साधत नाही. करारात लिहिलेले असेल तर ‘सर, आपल्याच करारात आहे’ एवढे म्हणून विषय संपतो.

मुलांसोबत काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाठ करून ठेवावी. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजले तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार त्याची खबर पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. आधी विश्वस्तांना विचारू, मग ठरवू, असा पर्याय कायद्यात नाही. १०९८ हा बालकांच्या मदतवाहिनीचा क्रमांक आणि आपल्या जिल्ह्याच्या बालकल्याण समितीचा पत्ता कार्यालयाच्या भिंतीवर असावा.

पावसाळा आणि आपत्ती

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून आपल्याकडे जुलै महिना आला की संस्थांच्या कार्यालयांत सावधपणा येतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा नवी मुंबई-पनवेलच्या संस्था हाकेच्या अंतरावर होत्या आणि मदतीचा ओघ लगेच सुरू झाला. अशा वेळी उत्साहाने काढलेली मदत पुष्कळदा अडथळा ठरते. वापरलेल्या कपड्यांचे ढीग, बिस्किटांचे खोके आणि पाण्याच्या बाटल्या येतात. झाकणाची बादली, सॅनिटरी पॅड, औषधांच्या चिठ्ठ्या आणि विजेरी येत नाही. पहिला फोन जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला करावा, तेथे कोण काय आणत आहे हे विचारावे आणि मगच टेम्पो भरावा.

अतिधोकादायक इमारत रिकामी करून कुटुंबे महापालिकेच्या शाळेत हलवली जातात, हा प्रसंग ठाण्यात दर पावसाळ्यात येऊ शकतो. तेथे गेल्यावर नुसते ‘सोयी अपुऱ्या आहेत’ म्हणण्यापेक्षा स्फिअर या आंतरराष्ट्रीय मानकांचे आकडे जवळ ठेवावेत : माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, झोपण्या-बसण्यासाठी माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालील जागा, आणि सुरुवातीला पन्नास जणांमागे एक शौचालय चालवून घेतले तरी लवकरात लवकर वीस जणांमागे एक. वर्गखोलीची लांबी-रुंदी पावलांनी मोजून, माणसे मोजून, प्रभाग अधिकाऱ्यांपुढे आकडा ठेवला की चर्चा भावनेवरून व्यवस्थेवर येते. शौचालयाच्या दाराला आतून कडी आहे का आणि रात्री तेथे दिवा लागतो का, या दोन गोष्टी कोणत्याही मानकाची वाट न पाहता त्याच दिवशी तपासाव्यात.

सर्वस्व गमावलेल्या माणसाशी काय बोलावे, हे नव्या कार्यकर्त्याला सुचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने सहकारी संस्थांबरोबर २०११ मध्ये काढलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत तीन पायऱ्या दिल्या आहेत : पाहा, ऐका, जोडून द्या. परिस्थिती सुरक्षित आहे का ते पाहायचे, माणूस बोलेल तेवढेच ऐकायचे, आणि त्याला नातेवाईक, दवाखाना किंवा कार्यालयाशी जोडून द्यायचे. ‘काय झाले ते सविस्तर सांगा’ असा आग्रह धरायचा नाही. पत्रकार आणि पाहुणे तो आग्रह धरतातच. निदान आपण त्यात भर घालू नये.

टिकून राहायचे असेल तर

वस्तीत आपला खासगी क्रमांक देऊ नये, संस्थेचे वेगळे सिमकार्ड मागावे आणि ते रात्री कोणाकडे राहील याची पाळी ठरवावी. स्वतःच्या खिशातून उसने पैसे देऊ नयेत. हा नियम निष्ठुर वाटतो, पण एका घरी दिले की शेजारच्या घराला का नाही याचे उत्तर नसते आणि पैसे परत करता न आलेले कुटुंब लाजेने बैठकीला येणेच सोडते. तातडीच्या गरजेसाठी संस्थेतच छोटा निधी असावा आणि तो एकट्याच्या सहीने निघू नये. जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देऊ नये. ‘घर मिळवून देतो’ आणि ‘अर्ज भरून देतो, पाठपुरावा करतो’ यांतले अंतर वस्तीतील लोकांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

झोप उडाली, घरी चिडचिड वाढली, एखादे प्रकरण डोक्यातून जाईना, तर ते अंगावर काढू नये. सरकारची टेलि-मानस ही विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते आणि ती लाभार्थ्यांइतकीच कार्यकर्त्यांसाठीही आहे. आठवड्यातून एकदा तासभर बसून प्रकरणांविषयी बोलण्याची पद्धत ज्या संस्थेत आहे, तेथे माणसे अधिक टिकतात असे मी पाहिले आहे, मग पगार थोडा कमी असला तरी. घरच्यांनाही विश्वासात घ्यावे. आई-वडिलांचा ‘पण पगार किती?’ हा प्रश्न अपमानाचा नसतो. त्याला आकड्याने उत्तर द्यावे, तत्त्वज्ञानाने नव्हे.

सोडताना

प्रकल्प संपला, निधी थांबला किंवा दुसरीकडे चांगली संधी मिळाली, तर जाण्यात अपराध नाही. जाण्याची रीत मात्र महत्त्वाची आहे. निदान महिनाभर आधी वस्तीत सांगावे आणि आपल्या जागी येणाऱ्याला सोबत घेऊन घरोघर ओळख करून द्यावी, कारण आमच्या ताई अचानक यायच्या बंद झाल्या हा अनुभव त्या लोकांनी याआधी पुष्कळदा घेतलेला असतो. चालू प्रकरणांची यादी करावी : कोणाचा अर्ज कोणत्या टेबलावर आहे, पुढची तारीख कोणती, मूळ कागद कोणाकडे आहेत. मूळ कागद संस्थेच्या कपाटात असतील तर ते कुटुंबाला परत करून पोच घ्यावी. लोकांच्या आधार कार्डांची, दाखल्यांची आणि आजारपणाच्या चिठ्ठ्यांची छायाचित्रे आपल्या मोबाइलमध्ये असतात. ती संस्थेकडे जमा करून आपल्या मोबाइलमधून पुसावीत, कारण ती माहिती त्यांनी संस्थेच्या कामासाठी दिलेली असते आणि नव्या नोकरीत ती नेण्याचा आपल्याला अधिकार नाही. वस्तीच्या व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिनपद पुढच्याकडे सोपवावे. स्वतःसाठी अनुभवाचे पत्र, शेवटच्या महिन्याचा हिशेब आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात सर्व महिन्यांची रक्कम जमा झाल्याची खात्री, एवढे हाती आल्याशिवाय कार्यालयाची किल्ली परत करू नये.